‘टॉल दॅन’ आणि ‘मोअर टॉलर’: चूक तक्त्यात नाही, ‘पेक्षा’त आहे

चोपडा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: “टॉल-टॉलर-टॉलेस्ट, गुड-बेटर-बेस्ट असा 60 विशेषणांचा तक्ता माझ्या मुलांना तोंडपाठ आहे. मलाही आहे. तरी वाक्य करायला सांगितलं की मुलं ‘राम इज टॉल दॅन श्याम’ लिहितात, नाहीतर ‘मोअर टॉलर’ लिहितात. परवा केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोलताना माझ्याच तोंडून ‘मोअर बेटर’ गेलं. तक्ता येतो, नियम येतात, मग चुकतंय कुठे? आणि ‘मोअर’ कधी लावायचं, ‘ई-आर’ कधी, याचा एकच पक्का नियम सांगाल का?”

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. एकच पक्का नियम नाही. छोट्या शब्दांना आहे, लांबलचक शब्दांना आहे, मधल्या शब्दांना अर्धामुर्धा आहे, आणि काही शब्दांना दोन्ही चालतं. ते सगळं पुढे लिहिलंय. पण मुलांची जी वाक्यं तुम्ही दिलीत, त्यांचा या नियमाशी फारसा संबंध नाही. ‘टॉल दॅन’ लिहिणाऱ्या मुलाला ‘टॉलर’ हा शब्द येतो, तुम्हीच सांगता की पाठ आहे. तो शब्द इथे लागतो, हे त्याला जाणवत नाही. म्हणून तक्ता 60 चा 100 केलात तरी ही चूक जागची हलणार नाही.

मी अमळनेर परिसरात 27 वर्षं इंग्रजी शिकवते आहे. सुरुवातीची बरीच वर्षं मीही तक्त्यापासूनच सुरुवात करायचे. मुलं एका सुरात म्हणायची, वर्ग दणाणून जायचा, आणि वही तपासायला घेतली की तेच ‘टॉल दॅन’. एकदा वैतागून मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं: ‘राम श्यामपेक्षा उंच आहे.’ विचारलं, या वाक्यात तुलना कुठे बसली आहे, बोट ठेवा. सगळ्या वर्गाने ‘पेक्षा’वर बोट ठेवलं. मग खाली लिहिलं, ‘राम उंच आहे.’ विचारलं, दोन्ही ‘उंच’मध्ये काही फरक? काही नाही. त्या दिवशी मला माझ्या शिकवण्यातली चूक समजली.

मराठीत तुलनेचं ओझं नाम उचलतं. ‘श्याम’ला ‘पेक्षा’ चिकटला की काम झालं, विशेषण जसंच्या तसं. घरी अहिराणी बोलणाऱ्या पोराचंही तेच: ‘तो मन्हापेक्षा मोठा शे.’ ‘मोठा’ हललेला नाही. इंग्रजीत ओझं विशेषणाकडे जातं. ‘टॉल’चं ‘टॉलर’ व्हावं लागतं, आणि ‘दॅन’ नुसता पुढचं नाव जोडून देतो. म्हणजे आपल्याकडे एका जागी खूण, त्यांच्याकडे दोन जागी. मुलाने ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ हे शिकलेलं असतं, ते तो इमानदारीने लावतो, आणि त्याच्या मनात तुलना पूर्ण झालेली असते. त्याच्या भाषेच्या हिशेबाने ती झालेलीच आहे.

‘मोअर टॉलर’ ही उलट्या बाजूची चूक दिसते, पण उगम तोच आहे. आपण ‘मोअर’चा अर्थ ‘जास्त’ शिकवतो. आपण बोलतानाही ‘हा जास्त उंच आहे’ म्हणतो. मूल विचार करतं: जास्त म्हणजे मोअर, उंच म्हणजे टॉलर, झालं ‘मोअर टॉलर’. ‘टॉलर’ म्हणजे ‘उंच’ नव्हे, ‘जास्त उंच’. ‘जास्त’ त्याच्या पोटात आधीच आहे, हे तक्ता कधीच सांगत नाही. तक्त्यात तीन शब्द शेजारी शेजारी उभे असतात, त्यांचे अर्थ नसतात. माझ्या तक्त्यात आता इंग्रजी शब्दाखाली मराठी असतं: उंच, जास्त उंच, सर्वात उंच. एवढ्या बदलानेच ‘मोअर टॉलर’ निम्म्याने कमी झालं.

‘टॉल दॅन’साठी मी बाण वापरते. मराठी वाक्य लिहायचं, ‘पेक्षा’ला गोल करायचा, आणि त्या गोलातून विशेषणावर बाण काढायचा. ‘पेक्षा दिसला की विशेषणाकडे बघ.’ बाण काढल्याशिवाय इंग्रजी वाक्य लिहायचंच नाही, पंधरा दिवस तरी. नंतर मुलं वहीत बाण काढत नाहीत, पण डोळा तिकडे जातो. बोलताना थांबून विशेषण दुरुस्त करणारं मूल दिसलं की समजायचं, बाण आत गेला.

इथे एक गोष्ट तुमच्या मुलांना आवर्जून सांगा, कारण ती ऐकून इंग्रजीची भीती कमी होते. विशेषणाचं शेपूट बदलून तुलना करणं आपल्याला अगदीच परकं नाही. संस्कृतातून आलेले ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’, ‘बलिष्ठ’ हे शब्द पाहा. ज्येष्ठ म्हणजे वयाने सर्वात मोठा, कनिष्ठ म्हणजे सर्वात लहान. यांच्या शेवटचं ‘इष्ठ’ आणि ‘टॉलेस्ट’च्या शेवटचं ‘एस्ट’ हे खरोखर भाऊबंद आहेत, दोन्ही भाषांच्या एकाच प्राचीन मुळातून आलेले. दुसरं शेपूट ‘तर’ आणि ‘तम’: उच्च, उच्चतर, उच्चतम. सातवीची मुलं गणितात लसावि आणि मसावि काढतात. त्यातला ‘ल’ लघुतमचा आणि ‘म’ महत्तमचा. लघुतम म्हणजे सर्वात लहान. ज्या पोराला लसावि येतो, त्याला ‘स्मॉलेस्ट’ची कल्पना आधीच आलेली आहे, फक्त कुणी जोडून दाखवलेली नाही. आणि ‘मोअर बेटर’सारखी चूक आपणही मराठीत करतो. ‘श्रेष्ठ’मध्ये ‘सर्वात’ असूनही ‘सर्वश्रेष्ठ’ आणि ‘श्रेष्ठतम’ म्हणतो. मराठीत ते आता रुळलं, कुणी चूक म्हणत नाही. इंग्रजीतही चारशे वर्षांपूर्वी अशी दुहेरी रूपं चालायची. आज चालत नाहीत, परीक्षेत तर मुळीच नाहीत.

आता ‘मोअर’ की ‘ई-आर’. याचा निकाल शब्दाच्या ठोक्यांवर लागतो, ज्याला पुस्तकं सिलॅबल म्हणतात. मुलं इथे स्पेलिंगची अक्षरं मोजतात आणि फसतात. ‘स्ट्राँग’ला सहा अक्षरं आहेत, दिसायला मोठा, म्हणून ‘मोअर स्ट्राँग’ लिहितात. पण तो एका ठोक्याचा आहे. ‘इझी’ला चारच अक्षरं, पण ठोके दोन. मोजायची सोपी पद्धत: हनुवटीखाली हाताचा पंजा धरायचा आणि शब्द मोकळा म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा हाताला लागेल तितके ठोके. ‘स्ट्राँग’ एकदा, ‘इ-झी’ दोनदा, ‘ब्यू-टि-फुल’ तीनदा. मागच्या बाकावरची मुलंही हे मनापासून करतात.

एक ठोका असेल तर ‘ई-आर’ आणि ‘ई-एस-टी’: टॉल, हॉट, चीप, क्लीन, कूल. तीन किंवा जास्त असतील तर ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’: डिफिकल्ट, एक्स्पेन्सिव्ह, इंपॉर्टंट, डिलिशस. या दोन टोकांना अपवाद आहेत, पण थोडे. ‘रिअल’, ‘राँग’, ‘फन’ असे लहान शब्द ‘मोअर’ घेतात, आणि ‘बोअर्ड’, ‘टायर्ड’सारखे क्रियापदापासून झालेलेही. दुसऱ्या टोकाला ‘अनहॅपी’ तीन ठोक्यांचा असूनही ‘अनहॅपिअर’ होतो, कारण तो ‘हॅपी’च्या चालीने चालतो.

खरी अडचण दोन ठोक्यांची. इथे शब्दाचा शेवट पाहायचा. शेवटी ‘वाय’ असेल तर ‘ई-आर’, आणि ‘वाय’चा ‘आय’ होतो: हेवी-हेविअर, टेस्टी-टेस्टिअर, डर्टी-डर्टिअर. ‘सिंपल’, ‘जेंटल’, ‘नॅरो’, ‘क्लेव्हर’ हे बहुतेकदा ‘ई-आर’ घेतात. ‘केअरफुल’, ‘केअरलेस’, ‘फेमस’, ‘बोअरिंग’ यांसारखे, ज्यांना स्पष्ट शेपूट आधीच आहे, ते ‘मोअर’ घेतात. ‘मॉडर्न’ही ‘मोअर’च. ‘पोलाइट’, ‘कॉमन’, ‘हँडसम’, ‘स्टुपिड’ यांना दोन्ही चालतं. मुलाने ‘पोलाइटर’ लिहिलं तरी बरोबर द्या, ‘मोअर पोलाइट’ लिहिलं तरी बरोबर द्या. माझा व्यवहारातला सल्ला असा: शेवटी ‘वाय’ नसलेला दोन ठोक्यांचा शब्द आला आणि शंका आली, तर ‘मोअर’ लावा. चुकण्याची शक्यता कमी.

याच्याच जोडीला स्पर्धा परीक्षांत हमखास विचारलं जाणारं एक वळण आहे. एकाच माणसाच्या दोन गुणांची तुलना असेल तर शब्द कितीही छोटा असो, ‘मोअर’ येतो. ‘तो प्रामाणिक कमी आणि हुशार जास्त’ याला ‘ही इज मोअर क्लेव्हर दॅन ऑनेस्ट’ म्हणतात, ‘क्लेव्हरर’ नाही. इथे माणसाशी माणूस तोललेला नाही, शब्दाशी शब्द तोललेला आहे.

स्पेलिंगमध्ये एकच गोष्ट समजावून द्यावी लागते, बाकी सरावाने येतं. ‘बिग’ला ‘ई-आर’ लावताना ‘जी’ दोनदा का? कारण एकच ‘जी’ ठेवला तर तो शब्द ‘बायगर’सारखा वाचला जाईल. दुसरं व्यंजन आधीच्या स्वराला ऱ्हस्व धरून ठेवतं. फळ्यावर ‘लेटर’ आणि ‘लॅटर’ लिहून दाखवा. ‘नंतरचा’ या अर्थाच्या ‘लेटर’मध्ये एक ‘टी’, आणि ‘दोघांपैकी दुसरा’ या अर्थाच्या ‘लॅटर’मध्ये दोन. उच्चार बदलला, अर्थ बदलला, फरक एका ‘टी’चा. हॉट, थिन, फॅट, वेट, सॅड हे सगळे याच रांगेत. ‘लो’ आणि ‘न्यू’च्या शेवटचा ‘डब्ल्यू’ मात्र दुप्पट होत नाही.

अनियमित शब्द मोजकेच आहेत, तिथे पाठांतराला पर्याय नाही आणि गरजही नाही: गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट, मेनी आणि मच या दोघांचं मोअर-मोस्ट, लिटलचं लेस-लीस्ट. ‘फार’ची दोन रूपं आहेत. अंतरासाठी ‘फार्दर’ किंवा ‘फर्दर’, आणि ‘आणखी, अधिकचा’ या अर्थी फक्त ‘फर्दर’.

आता ज्या शब्दाने खानदेशातच काय, सगळ्या महाराष्ट्रात गोंधळ घातलाय, त्याकडे येते. तो शब्द ‘मोठा’. मोठा भाऊ, मोठी नदी, मोठं घर, मोठा आवाज, मोठा माणूस. मराठीत एकच विशेषण सगळीकडे चालतं. मुलगा ‘माझा भाऊ माझ्यापेक्षा मोठा आहे’ हे वाक्य घेतो, बाणही बरोबर काढतो, आणि लिहितो, ‘माय ब्रदर इज बिगर दॅन मी.’ व्याकरण अचूक, अर्थ चुकला. भाऊ अंगाने थोराड झाला. म्हणून विशेषणाचं रूप बदलण्याआधी विशेषणच निवडावं लागतं. वयाचा मोठा ‘ओल्डर’, आवाज ‘लाउडर’, नदी ‘लाँगर’ किंवा ‘वाइडर’, कर्तृत्वाचा ‘ग्रेटर’. ‘लहान’चंही तसंच: ‘यंगर’ की ‘स्मॉलर’ की ‘शॉर्टर’, हे आधी ठरवायचं. मी तर-तम रूपांच्या आधी एक अख्खा तास फक्त ‘मोठा’ आणि ‘लहान’ला देते. तो तास पुढचे आठ तास वाचवतो.

‘एल्डर’बद्दल एवढंच: तो नात्याच्या माणसांसाठी, आणि नावाआधी. ‘माय एल्डर ब्रदर’ बरोबर. ‘एल्डर दॅन मी’ चूक, तिथे ‘ओल्डर दॅन मी’.

‘सर्वात’कडे वळू. इथे मुलं दोन ठिकाणी अडखळतात. पहिलं म्हणजे ‘द’ गळतो. आपल्या भाषेत आर्टिकल नाहीत, त्यामुळे ‘ही इज टॉलेस्ट बॉय’ कानाला खटकतच नाही. मी सांगते, ‘सर्वात’ हा ‘द’ आणि ‘ई-एस-टी’ या दोघांनी मिळून उचलायचा शब्द आहे. एकट्याला झेपत नाही. दुसरी अडचण जास्त खोल आहे. मराठीत ‘सर्वात उंच’ आणि ‘सगळ्यांपेक्षा उंच’ यांत आपण फरक करत नाही. ‘पेक्षा’ दिसला म्हणून मूल ‘टॉलर दॅन ऑल’ लिहितं. त्याचा बाण बरोबर गेला, तरी परीक्षक गुण कापतो. का, ते ‘कळसूबाई’च्या वाक्याने समजावते.

कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.’ हेच ‘पेक्षा’ वापरून सांगायचं तर ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.’ तो ‘अदर’ महत्त्वाचा. नुसतं ‘एनी पीक’ म्हटलं तर त्यात कळसूबाईही आली, आणि ती स्वतःपेक्षा उंच ठरली. मराठी इतकी काटेकोर नाही, ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी घेत नाही. मग मुलांना विचारा, ‘एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ यात ‘अदर’ लागेल का? नाही, कारण एव्हरेस्ट महाराष्ट्रात नाहीच. ज्या मुलाला हा फरक सांगता आला, त्याला ‘अदर’ कळला. तिसरं रूप, ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई’, म्हणजे आपलं ‘कळसूबाईइतकं उंच दुसरं शिखर नाही’. ‘इतका’ला ‘अ‍ॅज-अ‍ॅज’, आणि मधलं विशेषण साधं. इथे ‘पेक्षा’ नाही म्हणून बाणही नाही.

दहावीच्या परीक्षेत ‘चेंज द डिग्री’ म्हणून जे विचारतात ते हेच तीन साचे. मुलं साचे पाठ करतात आणि शब्द बसवत बसतात. मी म्हणते, तीनही वाक्यं आधी मराठीत बोला. ‘सर्वात’, ‘पेक्षा’, ‘इतका’. मराठीत जमलं की इंग्रजीत फक्त सांधे जोडायचे राहतात.

सर्वात म्हणजे कुणांत, ही हद्दही सांगावी लागते. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. ‘नंदुरबार इज द यंगेस्ट डिस्ट्रिक्ट इन खानदेश’ हे खरं. ‘इन महाराष्ट्र’ म्हटलं तर खोटं, कारण पालघर 2014 मध्ये झाला. शेवटचा एक शब्द बदलला आणि अख्ख्या वाक्याचं खरं-खोटं बदललं. जागा किंवा गट असेल तर ‘इन’, आणि मोजलेल्या वस्तू असतील तर ‘ऑफ’: ‘द यंगेस्ट ऑफ द थ्री डिस्ट्रिक्ट्स’. दोघंच असतील तर ‘ई-एस-टी’ नको. ‘तापी आणि गिरणा या दोघींत तापी लांब’ याला ‘द तापी इज द लाँगर ऑफ द टू’. मराठीत इथे ‘पेक्षा’ नाही, तरी इंग्रजीत ‘लाँगर’ लागतं, आणि त्याआधी ‘द’ही लागतो. बाणाचा उपाय इथे चालत नाही, म्हणून ही जागा वेगळी दाखवून ठेवा.

‘पैकी एक’ आलं की आपली भाषा उलट मदतीला येते. ‘भरीत हा खानदेशातल्या सर्वात चविष्ट पदार्थांपैकी एक’ असं म्हणताना आपण आपोआप ‘पदार्थां’ असं अनेकवचन करतो. तेच इंग्रजीत हवं: ‘वन ऑफ द टेस्टिएस्ट डिशेस’. मुलं ‘वन’ बघून ‘डिश’ लिहितात. त्यांना मराठी वाक्य मोठ्याने म्हणायला लावा, चूक स्वतःच दुरुस्त करतील.

तुमच्या ‘मोअर बेटर’कडे येते. तिथे तुम्हाला नुसतं ‘बेटर’ म्हणायचं नव्हतं. तुम्हाला म्हणायचं होतं ‘खूपच चांगलं’. जोर द्यायचा होता, आणि जोर द्यायला हाताशी ‘मोअर’च होता. ‘व्हेरी’ इथे चालत नाही. ‘व्हेरी गुड’ चालतं, ‘व्हेरी बेटर’ नाही. चालतात ते ‘मच’, ‘अ लॉट’ आणि ‘फार’. शेवटचा आपल्या मुलांसाठी सोन्यासारखा आहे. मराठी ‘फार’ आणि इंग्रजी ‘फार’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण या एका जागी दोघांचा उच्चार आणि अर्थ जुळून येतो. ‘हे त्यापेक्षा फार चांगलं’ म्हणजे ‘धिस इज फार बेटर’. ज्या मुलांना मी हे सांगितलं, त्यांच्या वहीत ‘व्हेरी बेटर’ पुन्हा दिसलं नाही. थोडा फरक असेल तर ‘अ लिटल बेटर’. आणि ‘दुप्पट’ असेल तर ‘ट्वाइस अ‍ॅज लाँग अ‍ॅज’. तापी 724 किलोमीटर, नर्मदा 1312. ‘द नर्मदा इज निअर्ली ट्वाइस अ‍ॅज लाँग अ‍ॅज द तापी.’ गोदावरी 1465 किलोमीटर, ती तिघींत ‘द लाँगेस्ट’. या तीन आकड्यांवर मी एक पूर्ण तास घेते. खरे आकडे समोर असले की मुलं वाक्य बनवताना अंदाजाने ‘मोअर’ टाकत नाहीत.

वरच्या इयत्तांत आणखी एक चूक येते, आणि ती चांगली इंग्रजी येणाऱ्यांनाही सापडत नाही. ‘जळगावचं ऊन पुण्यापेक्षा कडक.’ मराठीत निर्दोष. त्याचं ‘द समर ऑफ जळगाव इज हॉटर दॅन पुणे’ केलं तर उन्हाळ्याची तुलना शहराशी झाली. इंग्रजीत ‘दॅन दॅट ऑफ पुणे’ म्हणावं लागतं. केळीचं उदाहरण दिलं तर ‘रावेरची केळी’ आणि दुसऱ्या गावची केळी, म्हणून ‘दोज ऑफ’. काट्याच्या दोन पारड्यांत एकाच जातीचा माल ठेवायचा, एवढं सांगितलं की शेतकऱ्यांच्या मुलांना लगेच समजतं.

‘सिनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपिरिअर’, ‘इन्फिरिअर’ हे शब्द लॅटिनमधून तुलना पोटात घेऊनच आले आहेत. त्यांना ‘मोअर’ही नको आणि ‘दॅन’ही नको, ‘टू’ हवं. आपल्या खात्यात सेवाज्येष्ठतेवरून रोज चर्चा चालते, तेव्हा हा वाक्प्रकार शिक्षकांनाच जास्त लागतो: ‘शी इज सिनिअर टू मी.’

‘दॅन आय’ की ‘दॅन मी’ हे मात्र प्रसंगावर आहे. बोलण्यात आणि साध्या लेखनात ‘दॅन मी’ सर्रास चालतं आणि मी ते चूक देत नाही. स्पर्धा परीक्षेची उत्तरं बऱ्याचदा जुन्या पुस्तकी नियमाने ठरतात, तिथे ‘दॅन आय’. दोन्हीतून सुटायचं असेल तर ‘दॅन आय अ‍ॅम’ लिहा, त्याला कुणीच हरकत घेत नाही. ‘प्युअर’, ‘परफेक्ट’ यांना तर-तम रूपं होत नाहीत असंही काही पुस्तकं ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. 22 कॅरेटचं सोनं 18 पेक्षा ‘प्युअरर’च असतं आणि 24 चं ‘प्युअरेस्ट’, हे जळगावच्या सराफ बाजारात कुणीही सांगेल. ‘युनिक’ला मात्र ‘मोअर’ लावू नका, निदान परीक्षेत तरी.

तुमच्या वर्गापुरतं क्रमाने सांगायचं तर, पहिल्या दिवशी फक्त ‘मोठा’ आणि ‘लहान’ची फोड करा, इंग्रजी तुलना आणूच नका. दुसऱ्या दिवशी ‘पेक्षा’चे बाण, तेही एका ठोक्याच्या शब्दांवर. ‘मोअर’ चार-पाच दिवस लपवून ठेवा. ‘टॉलर’मधलं ‘जास्त’ मुलांच्या मनात घट्ट बसल्यावर मगच तो बाहेर काढा, आणि सांगा की ज्या शब्दाला शेपूट जड होतं त्याच्यासाठी हा पुढे उभा राहतो. शेपूट किंवा हा, दोघांपैकी एकच. ‘सर्वात’ त्यानंतर. तक्ता सगळ्यात शेवटी द्या, आणि तोही मुलांनीच भरलेला. आणि पुढच्या शिक्षण परिषदेत ‘मोअर बेटर’ ओठांवर आलं तर ‘मच बेटर’ म्हणा, किंवा आपलं ‘फार बेटर’. तुम्हाला त्या दिवशी तेच म्हणायचं होतं.